एकाच ऑब्जेक्टवर एकच मेथड दोनदा चालते, मग उत्तर आधी १००० आणि नंतर ११८० का येते?

कोरी पाटी

नमस्कार. मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि जावामधला इन्हेरिटन्सचा स्वाध्याय सोडवताना एका ठिकाणी अडकले आहे. मोबाइलवरून लिहीत असल्यामुळे प्रोग्रॅम जसाच्या तसा देता येत नाही, म्हणून तो शब्दांत मांडते.

‘बिल’ नावाचा एक क्लास आहे आणि त्यात ‘रक्कम’ व ‘देय’ अशी दोन फील्ड आहेत. त्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा भाग) रक्कम घेतो, ती फील्डमध्ये ठेवतो, मग ‘हिशेब’ ही मेथड कॉल करतो आणि तिचे उत्तर ‘देय’मध्ये साठवतो. बिलातली हिशेब मेथड रक्कम जशी आहे तशी परत करते. ‘जीएसटीबिल’ हा चाइल्ड क्लास बिलाला एक्स्टेंड करतो, म्हणजे बिल हा त्याचा पॅरेंट आहे. त्यात ‘दर’ नावाचे डबल प्रकारचे फील्ड आहे, त्याला जाहीर करतानाच १८ ही किंमत दिलेली आहे, आणि हिशेब मेथड ओव्हरराइड करून, म्हणजे त्याच नावाने नव्याने लिहून, तिच्यात रकमेवर त्या दराने कर मिळवलेला आहे.

मेनमध्ये १००० रुपयांचे जीएसटीबिल तयार करून देय छापले, तर १००० येते. लगेच पुढच्या ओळीत त्याच ऑब्जेक्टवर हिशेब मेथड कॉल केली, तर ११८० येते. माझा अंदाज असा आहे की, बिलाचा कन्स्ट्रक्टर चालू असताना बिलाचीच हिशेब मेथड चालत असावी. पण आमच्या सरांनी तर सांगितले आहे की, मेथड ओव्हरराइड केली असेल तर नेहमी चाइल्ड क्लासचीच चालते. मग यातले खरे काय?

गंमत म्हणजे माझ्या मैत्रिणीने ‘दर’च्या आधी नुसते ‘फायनल’ लिहिले आणि दोन्ही ठिकाणी ११८० आले. असे का झाले, हे तिलाही सांगता येत नाही. आणखी एक शंका अशी की, बिलातले ‘देय’ प्रायव्हेट केले, तर ते जीएसटीबिलाला वारशाने मिळते की नाही? पुस्तकात ‘मिळत नाही’ असे आहे, पण मग जीएसटीबिलाची देय रक्कम साठते कुठे?

अर्धविराम

तुमचा अंदाज स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे, आणि ते दोन मिनिटांत पडताळता येते. दोन्ही क्लासांतल्या हिशेब मेथडच्या पहिल्या ओळीत वेगवेगळा मजकूर छापा. देय १००० येत असतानाही जीएसटीबिलातलीच मेथड चाललेली दिसेल. त्याच ओळीत दर छापलात, तर ०.० दिसेल. म्हणजे कर मिळवला गेला होता, पण शून्य टक्क्यांनी. तुमच्या सरांचे म्हणणे बरोबर आहे.

गोंधळाचे मूळ ‘पॅरेंट’ आणि ‘चाइल्ड’ या शब्दांत आहे. ते ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर दोन व्यक्ती उभ्या राहतात, आणि जीएसटीबिल तयार करताना आधी एक बिल तयार होते व मग त्याला एक जीएसटीबिल जोडले जाते, असे वाटू लागते. प्रत्यक्षात मेमरीत एकच ऑब्जेक्ट असतो. त्याच एका तुकड्यात बिलाकडून आलेल्या रक्कम आणि देय यांच्या जागा असतात, आणि जीएसटीबिलाने भर घातलेल्या दराचीही जागा असते. शिवाय त्या ऑब्जेक्टच्या मथळ्यात तो कोणत्या क्लासचा आहे याची नोंद असते, आणि जावामध्ये ही नोंद पहिल्या क्षणापासून ‘जीएसटीबिल’ अशीच असते. विश्वास बसत नसेल, तर बिलाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये गेटक्लास कॉल करून क्लासचे नाव छापून पाहा.

आता मेथड कशी निवडली जाते ते पाहू. प्रत्येक क्लाससाठी मेथडींचा एक तक्ता तयार होतो. जीएसटीबिलाचा तक्ता बनताना आधी बिलाच्या तक्त्याची नक्कल होते, आणि मग जी मेथड ओव्हरराइड केली आहे तिच्या खणात नवीन मेथडचा पत्ता भरला जातो. बिल हा क्लास कंपाइल होत असताना कंपाइलरला जीएसटीबिल या नावाचा क्लास जगात आहे की नाही, याचा पत्ताही नसतो. तो फक्त ‘समोर जो ऑब्जेक्ट असेल त्याच्या क्लासच्या तक्त्यातली हिशेब चालव’ एवढीच सूचना लिहून ठेवतो. म्हणूनच दहा वर्षांपूर्वी लिहिलेला क्लास आज सकाळी लिहिलेली मेथड कॉल करू शकतो. इन्हेरिटन्सची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे, आणि तुम्हाला आलेली अडचणही तिच्यातूनच आलेली आहे.

राहिला प्रश्न दराचा. न्यू लिहिल्यावर आधी पूर्ण ऑब्जेक्टची जागा राखली जाते आणि सगळी फील्ड शून्य, फॉल्स किंवा नल होतात. मग जीएसटीबिलाचा कन्स्ट्रक्टर सुरू होतो, पण तो स्वतःचे काहीही करण्याआधी सुपर, म्हणजे पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर, कॉल करतो, आणि तुम्ही तो लिहिला नसला तरी कंपाइलर शक्य असेल तेव्हा स्वतः घालतो. त्यामुळे बिलाचा कन्स्ट्रक्टर शेवटपर्यंत चालतो, त्यातच हिशेब कॉल होते, आणि ती दर वाचते तेव्हा तिथे अजून शून्यच असते. सुपर परत आल्यानंतर ‘दर बरोबर १८’ ही ओळ अमलात येते. ती ओळ क्लासच्या अगदी वरच्या बाजूला लिहिलेली असल्यामुळे ती आधी चालत असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात कंपाइलर ती उचलून कन्स्ट्रक्टरमध्ये, सुपरच्या नंतर, नेऊन ठेवतो.

प्रायव्हेटविषयी तुमचे पुस्तक आणि तुमची शंका हे दोन्ही बरोबर आहेत. जावाच्या व्याख्येप्रमाणे प्रायव्हेट सदस्य वारशाने मिळत नाहीत, म्हणजे चाइल्ड क्लासमधून त्यांचे नाव घेता येत नाही. पण त्यांची जागा ऑब्जेक्टमध्ये असतेच, आणि बिलाच्या मेथडींना ती वाचता-लिहिता येते. तुमची देय रक्कम तिथेच साठते.

एक सावधगिरीची सूचना. बिलातली हिशेब मेथडच प्रायव्हेट केली, तर देय १००० येईल, पण त्याचे कारण अगदी वेगळे असेल. प्रायव्हेट मेथड ओव्हरराइड होत नाही. त्यामुळे जीएसटीबिलातली हिशेब ही त्याच नावाची, पण संबंध नसलेली मेथड ठरते आणि बिलाचा कन्स्ट्रक्टर स्वतःचीच मेथड चालवतो. उत्तर तेच आले म्हणून कारणही तेच असेल, असे धरू नका.

रात्रपाळी

फायनलचे कोडे मी सोडवतो, कारण त्याने मलाही एकदा फसवले आहे. फील्ड फायनल असेल, त्याचा प्रकार प्रिमिटिव्ह (आकड्यांसारखा साधा, ऑब्जेक्ट नसलेला) किंवा स्ट्रिंग असेल, आणि जाहीर करतानाच त्याला कंपाइल होतानाच ठरणारी किंमत दिलेली असेल, तर जावा त्याला स्थिरांक मानतो. अशा फील्डचे नुसते नाव जिथे जिथे आले असेल, तिथे कंपाइलर फील्ड वाचण्याची सूचना न लिहिता १८.० हा आकडाच लिहून टाकतो. जावापी हे साधन मायनस सी हा पर्याय देऊन चालवा आणि हिशेब मेथडचा बाइटकोड, म्हणजे कंपाइलरने लिहिलेल्या सूचना, पाहा. फायनल नसताना तिथे गेटफील्ड दिसेल आणि फायनल लिहिल्यावर त्या जागी थेट स्थिरांक दिसेल. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने क्रम दुरुस्त केलेला नाही. तिच्या प्रोग्रॅममध्ये दराची जागा तेव्हाही शून्यच होती, फक्त ती कोणी वाचली नाही. उद्या तोच दर कन्स्ट्रक्टरला बाहेरून द्यायचा ठरला, तर फायनल असूनही पुन्हा १००० येईल.

याच क्रमाचा एक जास्त छळणारा प्रकार माझ्या वाट्याला आला होता. एका कंपनीच्या गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅरेंट क्लासचा कन्स्ट्रक्टर ‘भर’ नावाची मेथड कॉल करत असे आणि चाइल्ड क्लासमधली भर मेथड मालाची यादी तयार करून ‘यादी’ या फील्डमध्ये ठेवत असे. कोणीतरी नीटनेटकेपणाच्या भरात त्या फील्डपुढे ‘बरोबर नल’ एवढे लिहिले होते. एरवी निरुपद्रवी वाटणारी ती दोन अक्षरे सुपर परत आल्यावर अमलात येत होती आणि नुकतीच भरलेली यादी पुसून टाकत होती. डीबगरमध्ये भर मेथडच्या शेवटी यादी भरलेली दिसायची आणि कन्स्ट्रक्टरच्या शेवटी ती नल असायची. मी दोन रात्री थ्रेडिंगचा दोष शोधत बसलो होतो. शेवटी ‘बरोबर नल’ काढून टाकल्यावर सगळे सुरळीत झाले. कारण किंमतच दिलेली नसेल, तर सुपरनंतर चालवायला काही उरत नाही.

त्या मानाने तुमच्या प्रोग्रॅममध्ये दर प्रिमिटिव्ह आहे हे तुमचे दुर्दैव म्हणावे लागेल. तो मोठ्या डीचा डबल, म्हणजे ऑब्जेक्ट प्रकारचा, असता, तर नल वाचताना नलपॉइंटर एक्सेप्शन येऊन प्रोग्रॅम तिथेच पडला असता आणि चूक पहिल्याच मिनिटाला समोर आली असती. शून्य गप्प राहते.

कोरी पाटी

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही मेथडींत मजकूर छापून पाहिला, आणि खरोखरच जीएसटीबिलाची मेथड दोनदा चालते, पहिल्यांदा दर ०.० आणि दुसऱ्यांदा १८.०. बाइटकोडमध्येही सांगितल्याप्रमाणेच दिसले.

आता प्रश्न असा पडतो की, अर्धवट तयार ऑब्जेक्टवर मेथड चालू देणे ही जावाचीच चूक नाही का? बाकीच्या भाषांमध्येही असेच होते का?

जुने दप्तर

सगळ्याच भाषांमध्ये असे होत नाही, आणि नेमके हेच पाहण्यासारखे आहे. तुमचाच प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये हिशेब मेथड व्हर्च्युअल (ओव्हरराइड करता येईल अशी) ठेवून लिहिला, तर देय १००० येईल, पण तिथे तुमचा पहिला अंदाज खरा ठरेल. सी प्लस प्लसमध्ये बिलाचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत तो ऑब्जेक्ट बिलच मानला जातो. त्याचा तक्ता बिलाचा असतो आणि बिलाचीच हिशेब चालते. जीएसटीबिलाचा स्वतःचा भाग तयार करण्याची पाळी आली की तक्ता बदलतो. सी शार्पमध्ये हाच प्रोग्रॅम ११८० देईल. तिथे चाइल्ड क्लासच्या फील्डांना जाहीर करताना दिलेल्या किमती आधी भरल्या जातात आणि मग पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो. मात्र दराची किंमत कन्स्ट्रक्टरच्या आत दिली असेल, तर सी शार्पही १०००च देईल. पायथनमध्ये दर कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरच्या नंतर ठेवला असेल, तर ‘असे ॲट्रिब्यूट नाही’ म्हणून प्रोग्रॅम थांबतो, आणि सुपरच्या आधी ठेवला तर सगळे सुरळीत चालते, कारण सुपर आधी आणि मग बाकीचे, अशी सक्ती पायथन करत नाही. एकच प्रोग्रॅम, चार भाषा आणि चार तऱ्हा. ‘इन्हेरिटन्स असा चालतो’ असे भाषेचे नाव न घेता सांगणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत, असे मला वाटते ते याचमुळे.

ही जावाची चूक आहे का? माझ्या मते सी प्लस प्लसचा नियम जास्त सुरक्षित आहे, कारण त्यात अजून जन्मालाच न आलेल्या फील्डला कोणी हात लावू शकत नाही. जावाने ऑब्जेक्टचा क्लास जन्मापासून एकच ठेवला, त्यामुळे नियम सोपा झाला आणि धोका राहिला. २०२५ साली आलेल्या जावा २५मध्ये मात्र सुपर कॉल करण्याआधी काही ओळी लिहिण्याची मुभा कायमस्वरूपी मिळाली आहे. जाहीर करताना किंमत न दिलेले स्वतःचे फील्ड त्या ओळींत भरता येते. तुम्ही दर तिथे भरलात, तर देय ११८० येईल.

अर्धविराम यांनी शब्दांचा मुद्दा काढला आहे, तो थोडा पुढे नेतो. इन्हेरिटन्सची कल्पना ओस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत आली, आणि तिथे नातेगोत्याची भाषा नव्हती. जुन्या क्लासचे नाव नव्या क्लासच्या घोषणेच्या आधी उपसर्गासारखे लावायचे आणि दोन्हींचा मजकूर एकत्र जोडला गेला असे समजायचे, अशी ती सोय होती. तुमच्या एकाच ऑब्जेक्टच्या चित्राशी ही कल्पना जास्त जुळते. सुपरक्लास आणि सबक्लास या जोडीने तर आणखी घोळ घातला आहे. मराठीत उपसरपंच सरपंचापेक्षा लहान असतो आणि उपविभाग विभागात मावतो. त्यामुळे ‘उपवर्ग’ म्हटल्यावर त्यात कमी काहीतरी असावे असे वाटते. पण उपवर्गाच्या ऑब्जेक्टमध्ये मूळ वर्गाचे सगळे असून वर भरच असते. ब्यार्न स्ट्रूस्ट्रूप यांनी सी प्लस प्लसमध्ये ‘बेस’ आणि ‘डिराइव्ह्ड’ हे शब्द घेतले, त्यामागे सुपर-सबमधला हाच उलटसुलटपणा होता.

‘वारसा’ या शब्दाचेही तेच आहे. आपल्याकडे वारसा म्हटला की सातबारा आठवतो: वडील गेल्यावर नाव चढणार, आणि जितके भाऊ तितके तुकडे पडणार. क्लासच्या वारशात तुकडे पडत नाहीत. दहा चाइल्ड क्लास असले, तरी प्रत्येकाला पूर्ण वाटा मिळतो. शिवाय इथे वडील जिवंत असतात आणि त्यांचे विचार बदलत राहतात. बिल क्लासमध्ये उद्या कोणी हिशेब मेथड दोनदा कॉल करायला लागला, तर जीएसटीबिलाच्या एकाही ओळीला हात न लावता त्याचे वागणे बदलेल. शेतीच्या वारशात असे होत नाही.

शंकेखोर

वरची सगळी चर्चा अचूक आहे, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहतो आहे, असे मला वाटते: इथे इन्हेरिटन्स हवाच कशाला? जीएसटी ही बिलाची जात नसून बिलात लागू होणारी एक बाब आहे. उद्या स्वाध्यायात ‘सवलतीचे बिल’ आले की सवलतबिल हा क्लास होईल, आणि परवा सवलत व जीएसटी दोन्ही असलेले बिल आले की कोणाला एक्स्टेंड करायचे? जावामध्ये एका क्लासला एकच पॅरेंट असतो. त्यापेक्षा ‘करआकारणी’ नावाचा इंटरफेस (कोणत्या मेथडी हव्यात एवढेच सांगणारा करार) करावा, त्यात रकमेवरून कर काढणारी एक मेथड ठेवावी, आणि बिलाच्या कन्स्ट्रक्टरला तसा ऑब्जेक्ट बाहेरून द्यावा. तो ऑब्जेक्ट बिलाच्या हातात येतो तेव्हा पूर्ण तयार असतो, त्यामुळे अर्धवट दराचा प्रश्नच उद्भवत नाही.

मोठ्यांच्याही हातून ही चूक झाली आहे. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून स्टॅक हा क्लास व्हेक्टरला एक्स्टेंड करतो. स्टॅक म्हणजे शेवटी ठेवलेले आधी काढायचे, एवढाच नियम. पण व्हेक्टरकडून आलेल्या मेथडींमुळे कोणीही त्याच्या मधोमध एखादी वस्तू खुपसू शकतो. व्हेक्टरमधल्या साठवणुकीची सोय हवी होती, आणि तिच्यापायी व्हेक्टरची सगळी दारेही उघडी राहिली. आज जावाची अधिकृत माहितीच स्टॅकऐवजी डेक वापरा असे सुचवते, पण जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून तो क्लास आहे तसाच ठेवावा लागला आहे.

अर्धविराम

शंकेखोर यांच्याशी बिलापुरता मी सहमत आहे, पण ‘इन्हेरिटन्स टाळाच’ असा अर्थ कोणी घेऊ नये. त्याच जावामध्ये ॲबस्ट्रॅक्टलिस्ट नावाचा क्लास आहे. न बदलणारी यादी हवी असेल, तर त्याला एक्स्टेंड करून गेट आणि साइझ या दोनच मेथडी लिहायच्या. शोधणे, तुलना करणे, एकेक घटक फिरून पाहणे हे सगळे आपोआप मिळते, कारण त्या मेथडी आतून तुमच्याच गेट आणि साइझला कॉल करतात. तुमच्या बिलाने जे केले तेच तिथे घडते, म्हणजे पॅरेंटने चाइल्डची मेथड चालवणे. फरक इतकाच की, तो क्लास मुळातच एक्स्टेंड केला जावा म्हणून लिहिला आहे, कोणती मेथड कोणाला कॉल करते याची माहिती त्याच्या दस्तऐवजात दिली आहे, आणि त्याचा कन्स्ट्रक्टर तुमच्या मेथडींना हात लावत नाही.

माझी स्वतःची कसोटी बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली मांडलेल्या विचारावर आधारलेली आहे: जिथे जिथे पॅरेंटचा ऑब्जेक्ट चालतो, तिथे तिथे काहीही न सांगता चाइल्डचा ऑब्जेक्ट दिला, तर वापरणाऱ्याची फसगत होता कामा नये. स्टॅक यात उलट्या बाजूने नापास होतो. व्हेक्टर म्हणून तो उत्तम चालतो, पण स्टॅक म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही.

स्वाध्यायात एक्स्टेंड करणे सक्तीचे असेल, तर ‘देय’ हे फील्डच काढून टाका आणि देय रक्कम हवी तेव्हा हिशेब कॉल करा. फील्डच नसले, तर त्यात शिळे उत्तर राहण्याची भीतीही नाही; रक्कम बदलली तरी उत्तर ताजेच येईल. आणि ओव्हरराइड केलेल्या मेथडवर ॲट-ओव्हरराइड ही खूण लिहायला विसरू नका. ती असती, तर मघाशी सांगितलेल्या प्रायव्हेटच्या प्रकारात कंपाइलरनेच अडवले असते.

कोरी पाटी

स्वाध्यायात एक्स्टेंड करणे सक्तीचेच होते, म्हणून अर्धविराम यांच्या सांगण्याप्रमाणे ‘देय’ काढले. आता ११८० येते, रक्कम २००० केली की २३६० येते, आणि फायनल काढले तरी फरक पडत नाही. करआकारणीची वेगळी आवृत्तीही लिहून पाहिली. तिच्यात सवलत घालायला मला दहा मिनिटे लागली.

आणखी एक गोष्ट सापडली, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. जावा २१पासून कंपाइलरला ‘एक्सलिंट’ या इशारे देणाऱ्या सोयीमध्ये ‘धिस-एस्केप’ हा पर्याय देता येतो. माझा जुना प्रोग्रॅम, बिल क्लास, त्याचा कन्स्ट्रक्टर आणि हिशेब मेथड पब्लिक ठेवून, तो पर्याय देऊन पुन्हा कंपाइल केला, तर कन्स्ट्रक्टरमध्ये हिशेब कॉल करणाऱ्या नेमक्या त्याच ओळीवर इशारा आला. जीएसटीबिलाची फाइल तेव्हा त्या फोल्डरमध्ये नव्हतीसुद्धा.